देठाचा मणी

१९४४ साल. साताऱ्यातल्या फौजेच्या कचेरीबाहेर आगाशे मास्तर लढाईवरच्या मुलाची खबर काढायला बसले होते. शेजारच्या सासूसुनेचं बोलणं कानावर पडत होतं.

“आत्ती, मूठ उघडा की. घामानं भिजला त्यो.”

“भिजंना. माझ्या आकारामच्या तुळशीच्या माळंतला मणी हाय. माळ तुटल्याबिगर मणी घरी येतुय व्हय?”

“आवं, दगुड हाय. इटलीच्या डोंगरात घावला म्हनून पत्रातनं धाडला, आसं त्यांनीच लिवलंय.”

“पत्र आधीचं. बेपत्ता म्हनून तार आली ती मागनं.” म्हातारी मास्तरांकडं वळली. “आवं, तुमी शिकलेलं दिसताय. बघा जरा.”

मास्तरांनी मणी उजेडात धरला. भोकाभोवती बारीक चांदणी कोरल्यासारखी होती.

“बाई, हा तुळशीचा नव्हे. समुद्रात फुलासारखा दिसणारा एक प्राणी असतो. तळाला देठ रोवून, हात पसरून उभा राहतो. त्याच्या देठाची ही चकती. कोट्यवधी वर्षांत दगड झाली.”

“डोंगरात कुठला समुद्र?”

“पूर्वी होता तिथं.”

“मग देठ तुटला, तवा ते जनावर मेलं?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“सगळीच मरत नाहीत. काही लहानपणी देठावर वाढतात, मग देठ सोडून पोहत निघून जातात. आजही आहेत.”

“काही,” सून हळूच म्हणाली.

आतून शिपायानं हाक दिली, “आकाराम घोरपड्यांचं कोण हाय?”

सून उठली. म्हातारी जागची हलली नाही.

“तू हो म्होरं. गुरुजी, ह्यो मेलेल्याचा हाय का निघून गेलेल्याचा, तेवढं नीट बघून सांगा.”