आरशाशी भांडणारा दयाळ

हसू नका, पण गोव्यातल्या पेडण्याच्या आमच्या शेजारीण शेवंताकाकी एका पक्ष्यामुळे मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला निघाल्या होत्या. त्यांचा मुलगा पायलट, म्हणजे मोटारसायकलवर प्रवाशांची भाडी मारायचा. बहिणीचं लग्न ठरलं आणि एक दयाळ त्या गाडीच्या आरशावर रोज चोची मारू लागला.

काकी म्हणाल्या, "आमचेच हे आयलेत. स्थळ त्यांका पसंत ना."

काकांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी आत रडत होती. मी माझी पक्ष्यांच्या नोंदींची डायरी घेऊन गेलो.

"काकी, तीन वर्षांच्या नोंदी आहेत. दर मार्चला हा आरशाशी भांडायला लागतो, पावसाळा आला की भांडण थांबवतो. दिवस मोठे झाले की नराच्या अंगात हार्मोन वाढतात. मग त्याला हद्दीत दुसरा नर खपत नाही. आरशात स्वतःलाच बघतो आणि भांडतो."

"म्हणजे स्थळ नव्हता तेव्हाय भांडायचो?"

"हो."

"कारण नसताना? आपल्याशीच?"

"हो."

"मगे आमचेच ते," काकी म्हणाल्या.

त्यांनी उठून आरशाला लुगड्याचा तुकडा गुंडाळला आणि दयाळाला सांगितलं, "जन्मभर तुमचा ऐकलंय. आता लगीन होतलाच. गप रवा."