फ्लेक्सवरची पाहुणी

कलेला सीमा नसतात. मेडशीच्या एसटी थांब्यावरच्या फ्लेक्सवर तसं छापलेलंच होतं, जगभर गात फिरणाऱ्या एका जपानी जॅझ गायिकेच्या फोटोखाली. फ्लेक्सच्या सावलीत दोघी बसची वाट पाहत होत्या.

"भागिरथा मावशी, बुद्ध इहारात तुमच्या सुनेचं गानं आयकून थे जपानवाली रडली म्हन्तेत."

"रडली ना, चंदा. आमच्या पौर्णिमेले म्हने, माह्यासंग चाल, धा देशात गाऊ."

"मंग?"

"म्या सांगतलं, आमच्या घरच्या सुना स्टेजवर गात नाईत."

"अन् त्या बाईचा सत्कार कोनं केला?"

"म्याच केला. एकटी बाई देशोदेशी गाते, लय हिंमत लागते त्याले."

"पौर्णिमेनं तं पासपोर्ट काढला होता ना?"

"परवाच आला टपालानं. म्या गव्हाच्या कोठीत ठेवून कुलूप लावलं."