डॉक्टरबाईंना काय सांगायचं

हाताचं विचारताय म्हणून सांगते. हुमनाबादच्या डाळ मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात माझा हात सापडला. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त होती, कारण दवाखान्यात नेताना मुकादम शिवण्णा जीपमध्ये सारखा एकच म्हणायलाय, "अक्का, घरी पडले म्हणून सांगा. मिलचं नाव आलं तर मालक उद्या कामावर घ्यायचा न्हाई."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसं लागलं?"

मी म्हटलं, "घरी पडले."

त्या जखमेकडं बघत म्हणाल्या, "पडून हात असा चेंगरत नाही, मशीनमध्येच चेंगरतो. मी घरी लागलं असं लिहिलं, तर मालक उपचाराच्या खर्चातून हात झटकेल. हात कायमचा गेला तरी. आता खरं सांगा."

मी शिवण्णाकडं बघितलं. तो मान खाली घालून उभा. मग सांगून टाकलं, "मिलमध्ये. पट्ट्यात."

बाईंनी तसंच लिहिलं.

बाहेर आल्यावर वाटलं, आता हा शिव्या देणार. शिवण्णाच्या डाव्या हाताला दोन बोटं न्हाईत. विहिरीच्या मोटारीत गेली, असं तो सगळ्यांना सांगायचा. तोच हात पुढं करून हळूच म्हणाला, "अक्का, ही बी मिलमध्येच गेली. तवा मी खरं सांगायला भिलो."