खंडेनवमीच्या पाटावरचे पिस्तूल

जबाब देणार : श्रीमती सीमा दीनानाथ सबनीस, वय ६९ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, मूळ राहणार मिरज, जि. सांगली, सध्या राहणार मुलगा व सुनेकडे, ग्वेल्फ, ऑन्टारियो, कॅनडा. दि. २ ऑक्टोबर २०२५.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला इंग्रजी लिहिता-वाचता व बोलता येते. तरीही हा जबाब मराठीतून घ्यावा असा आग्रह मी धरला. कारण इंग्रजीत मी नको तितकी नम्र होते आणि या प्रकरणात नम्र होण्याची माझी इच्छा नाही. दुभाषी म्हणून अक्षताताई शेजारी बसल्या आहेत व मी सांगते तसे लिहून घेत आहेत. त्यांनी एकदोनदा माझे वाक्य सौम्य करण्याचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला आहे.

घरात मी, मुलगा शंतनु व सून गौरांगी असे तिघे राहतो. शंतनु नोकरीनिमित्त ओटावाजवळ कनाटा या गावी असतो व शनिवार-रविवारी घरी येतो. गौरांगी, वय ४४, येथील एका कारखान्यात पॅकिंगच्या मशिनांचे डिझाइन करते. ती गेली बारा वर्षे पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेते. तिच्याकडे रीतसर परवाना आहे व सदर पिस्तूल तिच्या नावावर नोंदलेले आहे. ते ती गावाबाहेरच्या क्लबात नेते व परत आणून कुलपात ठेवते, तिसरीकडे कुठेही नेत नाही. तिने मिळवलेली पदके बेसमेंटमध्ये वॉशिंग मशिनच्या वर टांगलेली आहेत. ती हॉलमध्ये लावावीत असे मी अनेकदा म्हटले, पण तिला मिरवायला आवडत नाही. मला आवडते.

काल दि. १ रोजी दुपारी समोरच्या घरातील मिसेस व्हिटेकर यांनी पोलिसांना फोन केला, की धुराने भरलेल्या खोलीत एक म्हातारी बाई एकटीच पिस्तूल रोखून बसली आहे. त्यावरून दोन अधिकारी आले व पिस्तूल घेऊन गेले. मिसेस व्हिटेकर यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी जे पाहिले तेच सांगितले. फक्त ‘म्हातारी’ या शब्दाला माझी हरकत आहे.

हे पिस्तूल परत मिळाले नाही तर गौरांगीची नेमबाजी संपली. या देशात आता कायद्यानेच तिच्यासारख्याला नवीन पिस्तूल घेता येत नाही. हातातले गेले की गेले. म्हणून मी आज सर्व सविस्तर सांगत आहे.

गेल्या वर्षापासून गौरांगीला जवळचे अंधुक दिसू लागले. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक लोखंडी माशी असते. नेमबाजाला ती स्पष्ट दिसावी लागते. तिला ती दिसेना. एका स्पर्धेत ती शेवटून तिसरी आली. घरी आल्यावर म्हणाली, “आई, आता बास. डोळ्यांनी हात टेकले.” मी तिला म्हटले, “चाळिशीला माणसं चष्मा लावतात गं, घर सोडून जात नाहीत.” त्यानंतर तिने रेड डॉट बसवायचे ठरवले. रेड डॉट म्हणजे पिस्तुलाच्या पाठीवर बसणारी छोटी काचेची खिडकी. तीत लाल ठिपका दिसतो. माशी शोधावी लागत नाही. नजर लक्ष्यावर ठेवायची आणि ठिपका तिथे आणायचा.

खरेदीला मी तिच्याबरोबर गेले होते. दुकानातील मुलाने सर्वांत महाग वस्तू पुढे केली. गौरांगीने खिडकीतून पाहिले तर तिला ठिपक्याला शेपूट दिसले. तो म्हणाला, “मॅम, इट्स परफेक्ट.” तिने त्याच्याशी वाद घातला नाही. ते यंत्र हातातच आडवे फिरवले. शेपूट जागचे हलले नाही. मग तिने मोबाईलने ठिपक्याचा फोटो काढला, त्यात तो स्वच्छ गोल आला. म्हणजे दोष तिच्या डोळ्यातील वक्रतेचा, यंत्राचा नाही. स्वतःचा दोष असा चारचौघांत तपासून घेणारी माणसे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये फार पाहिली नाहीत.

मग तिने दोन गोष्टी ठरवल्या. एक, यंत्र दोन्ही बाजूंनी बंद असलेले घ्यायचे, कारण उघड्या यंत्रात बर्फ किंवा धूळ आत बसली तर ठिपकाच उमटत नाही. दुसरे, ठिपका मोठा घ्यायचा. लहान ठिपका पंचवीस मीटरवर सुपारीएवढी जागा झाकतो, मोठा लिंबाएवढी. लहान घेतला तर तिला ठिपक्यापेक्षा शेपूटच मोठे दिसे. मोठ्या ठिपक्याचा उजेड कमी केला की शेपूट दिसेनासे होई. दुकानातील मुलगा म्हणाला, की सगळे चांगले नेमबाज लहानच घेतात. गौरांगी त्याला म्हणाली, “दे डोन्ट हॅव माय आईज.” मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी त्या मुलाकडे पाहून उगाचच हसले.

मंगळवारी संध्याकाळी तिने डायनिंग टेबलावर पांढरी चादर अंथरून ते यंत्र बसवले. काडतुसे बेसमेंटमध्ये कुलपात होती, टेबलाजवळ एकही नव्हते. पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर एक झाकणपट्टी असते, ती काढून तिने यंत्राच्या मापाची दुसरी पट्टी लावली व बोटाने हलवून पाहिली. किंचितही हलली असती तर ती तशीच परत गेली असती. स्पिरिटने सगळे तेल पुसून काढले. पाकिटात दोन मापांचे स्क्रू होते. तिने लांब स्क्रू बाजूला ठेवला व मला म्हणाली, “हा आत जाऊन रिकामं काडतूस बाहेर काढणाऱ्या दांडीला अडकतो. पिस्तूल ऐन मॅचमध्ये जॅम होतं आणि लोक बुलेटला नावं ठेवतात.” मग आखूड स्क्रूंना निळ्या गोंदाचा बारीक थेंब लावला. तांबड्या गोंदाने स्क्रू कायमचा बसतो, म्हणून निळा. टकटक आवाज होईपर्यंतच पिळणारा स्क्रूड्रायव्हर तिने कारखान्यातून नव्हे, स्वतःच्या पैशाने आणला आहे. आवाज झाला की ती थांबली. मी म्हटले, “अजून थोडं पिळ की.” ती म्हणाली, “आई, ही लोणच्याची बरणी नाहीये.”

स्क्रू पुढे सैल झाला तर लगेच कळावे म्हणून स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत एक रेघ ओढतात. ती रेघ मी ओढली आहे. माझ्या मरून नेलपॉलिशने. आपल्या पंचनाम्यात ‘पिस्तुलावर रक्तासारखे डाग’ असे लिहिल्याचे मला समजले. ते रक्त नाही. रेघ सरळ आहे, हे कृपया पंचनाम्यात जोडावे. माझा हात अजून थरथरत नाही.

गोंद वाळायला एक दिवस लागतो, तोवर पिस्तूल चालवायचे नसते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे या दिवशी ज्या साधनांवर घर चालते ती स्वच्छ करून पाटावर मांडतात, हळदकुंकू व फूल वाहतात. शेतकरी विळा ठेवतो, शिंपी कात्री ठेवतो. आम्ही पाटावर गौरांगीचा स्क्रूड्रायव्हर, शंतनुचा जुना लॅपटॉप, माझी शाळेतील शिट्टी व सुनेचे पिस्तूल ठेवले. पाट हॉलमध्ये पुढच्या खिडकीशी होता, कारण पूर्व त्या बाजूला आहे. पूर्वेचा हट्ट माझा होता. पडदा उघडा राहिला तोही माझ्यामुळे, मला उजेड हवा होता. ही चूक मी मान्य करते.

पिस्तूल रिकामे होते. घोड्याला कुलूप होते व त्याची किल्ली गौरांगीने मंगळसूत्रात ओवली होती. शिवाय तिने पिस्तूल हातभर लांबीच्या पोलादी तारेने पाटालगतच्या जिन्याच्या खांबाला बांधले होते. मी म्हटले, “अगं, पूजेला कुणी देव बांधून ठेवतं का?” ती म्हणाली, “कॅनडात ठेवतात, आई.”

पूजा झाल्यावर गौरांगी आरतीचे तबक घेऊन गाडीची पूजा करायला ड्राइव्हवेमध्ये गेली. चाकाखाली लिंबू ठेवायचे होते व नारळ फोडायचा होता. मिसेस व्हिटेकर यांनी प्रथम हे पाहिले असावे. धूर होता तो ऊद व अगरबत्तीचा. मी पाटाजवळ एकटी होते.

त्या वेळी मी पिस्तूल हातात घेतले हे खरे आहे. बाईंना भास झालेला नाही. माझ्याच हातून चिमूटभर कुंकू यंत्राच्या काचेवर सांडले होते. सुनेने एवढ्या काळजीने बसवलेल्या काचेवर कुंकू, हे मला सहन झाले नाही. उचलण्यापूर्वी मी वरचा भाग मागे ओढून आत पाहिले, करंगळी घालूनही पाहिले. रिकामे होते. खिडकीतून हे अधिक भयंकर दिसले असणार. मग चष्म्याच्या फडक्याने काच पुसली. ती स्वच्छ झाली की नाही ते पाहण्यासाठी यंत्र चालू केले व दोन्ही हातांनी धरून फायरप्लेसच्या विटांकडे रोखले. समोरच्या घराकडे नाही. ठिपका गोल दिसला. मोतीबिंदू काढल्यापासून माझे डोळे चांगले आहेत. मिरजेला एनसीसीच्या मुलींना मी बावीस वर्षे रायफल शिकवली आहे. त्यानंतर काल प्रथमच हातात चालते शस्त्र होते. ते खाली ठेवायला मला जरा जास्त वेळ लागला, हेही खरे आहे.

अधिकारी आले तेव्हा गौरांगी माझ्यापुढे उभी राहिली. ती त्यांना म्हणाली, “इट्स माय फॉल्ट. आय लेफ्ट हर अलोन विथ इट. प्लीज डोन्ट क्वेश्चन हर.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, तुम्ही काही बोलू नका, मी बघते.” परवाना नसलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल सोडले तर तिचा परवाना जाऊ शकतो, हे तिला ठाऊक होते. तरी ती एक शब्दही फिरवून बोलली नाही. मी बोलायला तोंड उघडले तर साहेब म्हणाले, “टुमॉरो, मॅम, ॲट द स्टेशन.” जबाब होईपर्यंत आपापसात या विषयावर बोलू नये, अशी सूचनाही त्यांनी दिली. मी ती पाळली. काल जेवताना आम्ही दोघी फक्त भाताबद्दल बोललो. भात चांगला झाला होता. तिने तो खाल्ला नाही.

माझ्याकडे परवाना आहे का, हे काल मला कोणी विचारले नाही. आजही आतापर्यंत विचारलेले नाही. न विचारताच सांगते, की आहे.

या वसंतात मी कम्युनिटी हॉलमध्ये शस्त्रसुरक्षेचे दोन्ही अभ्यासक्रम केले. साधी बंदूक व पिस्तूल, दोन्ही. घरी मी सीनियर्सच्या योगाला जाते असे सांगत होते. वर्गात सगळे मला नातवंडे शोभतील अशा वयाचे होते, आणि हाताळायला दिलेली शस्त्रे निकामी केलेली होती. लेखी परीक्षेत माझे दोन गुण गेले, त्यातील एका प्रश्नाबद्दल माझे मत अजून वेगळे आहे. अर्जाला ओळखीच्या माणसाची सही लागते, ती टोरांटोच्या माझ्या मैत्रिणीने, रोझ नागावकर हिने केली. ती मूळची अलिबागकडची. तिने सही करण्याआधी विचारले, “सीमा, खरं सांग, सुनेशी भांडण झालंय का?” मी तिला सांगितले, की भांडण नाही. माझी सून शनिवारी एकटी क्लबला जाते, एकटी नेम धरते आणि पदक घेऊन एकटी घरी येते. तिच्या शेजारी उभे राहायला कोणीतरी घरचे हवे, आणि या देशात त्याला कार्ड लागत असेल तर मी कार्ड काढीन.

ते कार्ड गेल्या महिन्यात पोस्टाने आले व मी ते शालूच्या घडीत ठेवले होते. याबद्दल गौरांगीला काहीही माहीत नव्हते. माहीत होते असे सांगितले तर तिची बाजू बळकट होईल हे मला कळते, पण ते खोटे ठरेल. तिने चूक अंगावर घेतली ती काही ठाऊक नसताना घेतली. ती या क्षणी बाहेर बाकावर बसली आहे व अजूनही तिला ठाऊक नाही.

सदर कार्ड मी आता आपल्या टेबलावर ठेवत आहे. त्यावरील फोटो वाईट आला आहे, पण मीच आहे. साहेबांनी कार्डाचा नंबर संगणकात घालून पाहिला, परवाना चालू असल्याचे सांगितले व खुर्चीतून उठून पिस्तुलाबाबत वरिष्ठांशी बोलण्यास गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितले, की पिस्तूल उद्या सकाळी गौरांगीच्या ताब्यात मिळेल आणि पुढच्या वर्षी पडदा ओढून घ्यावा. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पिस्तूल देताना यंत्राचे स्क्रू कोणी पिळून पाहू नयेत. रविवारी त्याचा नेम जुळवायचा आहे.

आज दसरा आहे. आमच्याकडे आज आपट्याचे पान सोने म्हणून माणसाच्या हातात देतात. येथे आपटा मिळत नाही. हे कार्ड मी आज सोने म्हणून गौरांगीच्या हातात देणार होते. ते आधी आपल्या हातात द्यावे लागले. नोंद करून झाली असेल तर मला परत मिळावे, ती बाहेर थांबली आहे.

वरील मजकूर अक्षताताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसेच उतरले आहे. फक्त सुरुवातीला माझ्या नावापुढे व्यवसाय ‘सेवानिवृत्त’ लिहिला आहे, तो शब्द मी माझ्या हाताने खोडला असून त्या खाडाखोडीवर सही केली आहे.

सही/-
सीमा दीनानाथ सबनीस