तात्यांचं एकाहत्तरचं पदक

चहा उकळेस्तोवर आमच्या तात्यांचं सांगतो. तात्या हवालदार म्हणून फौजेतनं रिटायर झाले. पासष्टच्या लढाईचं पदक त्यांना मिळालं होतं, पण एकाहत्तरचं त्यांच्या सर्विस बुकात चढवायचंच राहिलं, म्हणून ते हाती आलं नव्हतं. काही वर्षं तात्या गप्प होते. मग एकदम दहिवडीहून साताऱ्याच्या सैनिक हापिसात हेलपाटे सुरू. मी सोबतीला.

तिथला कारकूनही जुना फौजीच. म्हणाला, "हवालदार, इतके दिवस गप होता. आताच कसली घाई?"

"बेंदराच्या सणाआधी पायजे."

"बेंदराला कोण मोठा सायेब येनार हाय व्हय?"

"न्हाई रं. मिरवणुकीत बैलाच्या गळ्यात पदक बांधतो. बैल दोन, पदक एक. दुसरा लय रुसतोय."

कारकुनानं कपाळावर हात मारला, पण दुरुस्ती करून घेतली. पदक वेळेत आलं. बेंदराला तो मुद्दाम गावात आला आणि पुढच्या बैलाच्या गळ्यात पदक दिसताच सवयीनं खाडकन सलाम ठोकला.

तात्या शांतपणे म्हणाले, "गड्या, हितंबी नोंद चुकली तुझी. एकाहत्तरचं त्या दुसऱ्याला हाय."