कुलपातली सावली

चंपाबाई : तुमची माय दळता दळता म्हणे, आठवते का? मी नवी नवरी होती. अजून कानात हाये तिचा आवाज :
‘उन्हाच्या गं भारात, सावली ओंजळभर
आधी दोन जिवाची, मंग सारं घरदार.’

जानराव : आठवते. आता म्हणू नको. घसा सुकन.

(मे महिन्यातली दुपार. केनवडच्या शिवारात गाभण मेंढ्यांचा कळप घेऊन नवरा-बायको उभे आहेत. पुढं तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, पलीकडं चिंचांची दाट सावली.)

चंपाबाई : वीस पावलांवर चिंचा, अन् मधात कुलूप. सावली का फोटोत पाहाले ठेवली बबनरावनं?

जानराव : तार त्याची, वावर त्याचं, चिंचा त्याच्या.

चंपाबाई : सात उन्हाळे आपल्या मेंढ्या त्याच चिंचाखाली बसल्या. दरसाल दिवाळीनंतर आपण त्याच्या वावरात कळप बसवला, रातभर लेंड्याचं खत देलं. तवा कुलूप नव्हतं. औंदा बसवाले बलावलं नाई, अन् आता हे. झालं काय असं?

जानराव : तू पाणी शिंपड त्याइच्यावर.

चंपाबाई : कायचं शिंपडू? कॅन तळाले गेली. अन् पाहा, मुंडके घातले पुन्हा एकमेकीच्या पोटाखाली. उठवा त्याइले.

जानराव : निजू दे जराशा.

चंपाबाई : निजल्या नाईत त्या. दुसरी सावली नाई म्हणून एकमेकीच्या पोटाची सावली धरून राह्यल्या. मधातली शिजून जाते तशानं. काठी घाला, मोकळ्या करा. त्या भुरीले पाहा. तोंड मिटत नाई, फेस आला.

जानराव : किती दिस राह्यले तिचे?

चंपाबाई : आठ-धा. सकाळी हात ठेवला तं लेकरू आतून ढुसन्या देत होतं. आता ठेवला तं गुमान हाये.

जानराव : गावात हाकलू मंग.

चंपाबाई : दोन कोस? या उन्हात? वाटंतच गाभ टाकतीन. मांगं तापलेलं डांबर, पुढं तार. कुठी नेता?

जानराव : ते जुनं लुगडं ताण बोरीवर.

चंपाबाई : ताणलं नं मघाच. तीन मावल्या. एकोणीस गाभण हायेत. तुमच्या घरून लग्नात एकोणीस लुगडे आले असते तं आज कामी पडले असते.

जानराव : मरता मरता बी टोमणा मारशीन तू.

चंपाबाई : मरून नाई राह्यली. फोन लावा बबनरावले.

जानराव : उचलत नाई तो.

चंपाबाई : लावलाच नाई तुमी. सकाळपासून खिसा दाबून बसले, जसा का आत इच्चू हाये.

जानराव : चावीच्या बदल्यात तो एक गोष्ट मांगते.

चंपाबाई : कोणती?

जानराव : काई नाई. जाऊ दे.

चंपाबाई : मंग मी जातो दुर्गाबाईकडं. चिंचामांगं घर हाये तिचं, तारेच्या कडंकडंनं गेलं तं घडीभरात पोचन. तीस वर्सं एका पातीत निंदलं आमी दोघीनं, एका फडक्यातली भाकर खाल्ली. अन् पोळ्यापासून मले पाहून दार लोटते. तिच्या नवऱ्याची चावी बी मांगतो, अन् माह्यं काय चुकलं ते बी इचारतो.

जानराव : तू नको जाऊ.

चंपाबाई : काहून?

जानराव : उन्ह हाये.

चंपाबाई : उन्ह मेंढ्याइले बी हाये. हात सोडा. पाय धरीन तिचे, पण चावी आणीन.

जानराव : तू कोणाचे पाय नको धरू वं. थांब. लावतो मी.

चंपाबाई : लावा. मी हाये इथंच.

जानराव : हालो... बबनराव, जानराव बोलतो. फाटकापाशीच हावो... हो, चंपा बी हाये संग... नाई. ते माफी नाई मांगणार.

चंपाबाई : माफी? मी? कायची माफी?

जानराव : थांब जरा... बबनराव, पह्यले आयका, मंग चावी द्या नाई तं नका देऊ. सरावनात तुमची सोयाबीन खाल्ली त्या दिवशी मेंढ्यामांगं हे नव्हती. हे घरी होती, तापानं. मी होतो. बांधावर डोळा लागला माह्या. कानात घुंगरू वाजत होतं, मले वाटलं कळप जवळच हाये. घुंगरूवाली मेंढी एकटीच माह्यापाशी उभी होती... तुमी रिसोडच्या बाजारात चार माणसाइत इचारलं, मेंढ्यामांगं कोण होतं. अन् म्या हिचं नाव सांगतलं.