लायसीन अन् ढेप एकाच पंगतीत

जय भीम, मायबाईहो, भावांनो. ब्रह्मपुरीहून आलेल्या पाहुन्यायले रामराम. मले भाषनाची सवय नाई. पन मास्तरीनबाई गेल्या, अन् सकाळपासून या शोकसभेत सारे त्यायच्या शाळेबद्दलच बोलून राह्यले. बाई चांगल्या शिक्षिका होत्या, खरं आहे. पन रिटायर झाल्यावर बाईनं काय केलं, हे सांगाले तुम्हाले लाज वाटते काय? मले नाई वाटत. बाईनं डुकरं पाळली.

मी रंजना. बाईच्या शेडात काम करनाऱ्या चार बायांतली एक. जागा बाईची, मेहनत साऱ्यायची, पांढरी डुकरं साऱ्यायची. गावानं नाक मुरडलं. मास्तरीन अन् डुकरं? बाई म्हनत, "काऊन, डुकराले पोट नसते काय?"

डुकरायले आम्ही कनी अन् कोंडा देत होतो. आपल्या धानाच्या पट्ट्यात तेच निघते. पन नुसत्या कोंड्यावर चरबी चढते, मांस भरत नाई. त्याले सोयाबीनची ढेप लागते, तेल काढून उरलेली पेंड, अन् ढेप महाग. मंग बाईनं ढेप कमी केली अन् लायसीनची पावडर आनली. बाई समजावत, प्रथिन बारक्या बारक्या तुकड्यायनं बनते, त्यातला हा एक तुकडा कोंड्यात कमी पडते, तो आपन वरून द्यायचा.

आता चूक ऐका. बाईचीच चूक आहे, अन् आज बाई असत्या तं त्यायनंच सांगितली असती. बाई म्हनल्या, पावडर खाद्यात मिसळली तं अर्धी खाली सांडन. सकाळी उपाशी पोटी गुळाच्या गोळीत चारा. आपन लेकरायले टॉनिक देतो तशी. आम्ही चारली. गुळासाठी डुकरं आमच्या मांग मांग फिरत. अन् ढेप-कोंडा दिवसातून एकदाच, सांजेले, भरपूर. अख्खा पावसाळा गेला, डुकरं होती तशीच. लोक हसले. आमच्यातलीच एक म्हने, पावडरच खोटी आहे.

बाईनं मंग एका जुन्या विद्यार्थ्याले फोन लावला. तो आता जनावराचा डॉक्टर आहे. शाळेत ज्याचा कान धरला, त्याचं बाई चुपचाप ऐकत होत्या, मी बाजूले बसून होती. दुसऱ्या दिवशी आम्हाले बसवलं अन् म्हनल्या, "मी चुकली गं. पावडर चांगली आहे, आपलं देनं चुकलं."

काय चुकलं? पावडर मोकळी असते, ती आतड्यातून लवकर रक्तात जाते. ढेपीतलं प्रथिन पचाले वेळ लागते, त्याचे तुकडे हळू हळू येतात. अन् डुकराच्या अंगाले लायसीन बाजूले जमा करून ठेवता येत नाई. बाकीचे तुकडे सांजेले येईपर्यंत सकाळचं लायसीन जळून गेलं, मुताच्या वाटेनं गेलं. बाई म्हनल्या, "पंगतीत भाजी सकाळी वाढली अन् भात सांजेले आनला, तं जेवन कसं होईन?" तवापासून पावडर खाद्यातच, अन् खाद्य थोडं थोडं, दिवसातून तीन-चार खेपा. डुकरायच्या पाठी भरल्या. हसनारे लोक मंग इचाराले येऊ लागले, अन् बाईनं त्यायलेही सांगितलं.

ज्या बाईनं अख्ख्या गावाचे पेपर तपासले, ती आम्हा बायांसमोर म्हनली, मी चुकली. मले रडू येते ते याच्यासाठी. येऊ द्या.

आता पोटातलं बोलते. माती देऊन घरी येत नाई तं रस्त्यातच लोकायनं इचारलं, शेड विकता काय? जागा आता बाईच्या पोराची, प्रशांतची. तो ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीले आहे. नाक दाबल्याशिवाय तो शेडात कधी आला नाई, हे बाईलेही माहीत होतं. त्यानं विकलं तं त्याचा हक्क आहे. पन आमच्या चार घरच्या चुली त्या शेडावर आहेत. माझा नवरा सूरजागडच्या खाणीत ट्रकवर, कधी येते, कधी येत नाई.

मातीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी धावतच शेडात गेली. वाटलं, आज डुकरं उपाशी राह्यली. पाहते तं प्रशांत. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर, दोन्ही हात ढेपीत. म्हटलं, "बाबू, तुले हे कोनं शिकवलं?" तो म्हने, "मावशी, दवाखान्यात आई हेच बोलत होती. पावडर आधी थोड्या कोंड्यात घोळ, मंग साऱ्यात मिसळ. नाईतर एकाच डुकराच्या वाट्याले येते." एवढं बोलला अन् रडला. डुकरं खात होती, आम्ही दोघं रडत होतो.

प्रशांत, तू तिथी मांग उभा आहेस. मी साऱ्यायसमोर इचारते, मनात ठेवत नाई. शेड ठेवतं काय? तू नोकरी सोडू नको. डुकरं आम्ही पाहू. तुझं फक्त हो पाहिजे.

मान हलवून राह्यला. नाई बाबू, तुझी माय वर्गात मान हलवलेली धरत नव्हती. तोंडानं बोल.

ऐकलं काय साऱ्यायनं? "ठेवतो" म्हनला.

बस. आता उभे राहा. बाईसाठी दोन मिनिटं कोनी बोलू नका. प्रशांत, तू पुढं ये, इथी माझ्याजवळ उभा राह.